रविवारचे पान: एक बातमी, एक घरची नोंद

दर रविवारी रात्री मी वहीत त्या आठवड्याची एक बातमी आणि तिच्याखाली घरची एक नोंद लिहितो. सुरुवात २८ मार्च २०२१ रोजी झाली. सुएझ कालव्यात सुमारे ४०० मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' जहाज मंगळवारपासून आडवे रुतून बसले होते आणि नेमके त्याच दिवशी आमचे लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले. खण काढले, दारे उतरवली, मागच्या पायांखाली दुमडलेले पोते सरकवले, तेव्हा कुठे ते बोटभर हलले. जहाजाखालची वाळूही तशीच उपसली जात होती. पौर्णिमेची मोठी भरती आली, ओढनौकांनी जोर लावला आणि सोमवारी ते सुटले. त्या आठवड्यात मी जहाजाची बातमी जितक्या आपुलकीने वाचली, तितकी क्वचितच दुसरी एखादी वाचली असेल. आपल्याकडेही अशी पाने असतील, तर ती येथे अवश्य लिहावीत.

*

माझे पान २००६ च्या ऑगस्टमधले आहे. २४ तारखेला प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला बटुग्रह ठरवले. मुलीने नुकतीच नऊ ग्रहांची प्रतिकृती केली होती आणि सर्वांत लहान चेंडू रंगवायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला होता. शनिवारी सकाळी तिने तो तारेवरून काढला, बराच वेळ तळहातावर धरून ठेवला आणि पुन्हा होता तिथेच अडकवला. खाली चिठ्ठी लावली, 'हाही येथेच फिरतो.' ते वाक्य शास्त्राला धरून होते, याचा मला आजही आनंद वाटतो.

*

३१ डिसेंबर २०१६ रोजी जागतिक प्रमाणवेळेत एक लीप सेकंद मिळवला गेला. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून असे २७ सेकंद मिळवले गेले आहेत. संगणक कक्षात माझी पाळी होती आणि पडद्यावर २३:५९:६० हे आकडे मी स्वतः पाहिले. घरी आल्यावर आजीने विचारले, "मग त्या जास्तीच्या सेकंदात तू काय केलेस?" मी श्वास रोखून धरला होता, तेच तिला सांगितले.

*

एक अडचण मांडतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडचे वर्णन महासाथ असे केले आणि पुढचे कित्येक रविवार माझ्या वहीत केवळ आकडे उतरत गेले. घरच्या नोंदीची जागा कोरीच राहिली, कारण एवढ्या मोठ्या संकटापुढे घरातले काही लिहिणे मला अनुचित वाटत होते. तो निर्णय चुकीचा होता, असे मी आता ठामपणे म्हणतो. ते आकडे आजही कोठेही सापडतात, घरातले दिवस मात्र सापडत नाहीत. म्हणून आता मी घरची नोंद आधी लिहितो, बातमी नंतर. त्या कोऱ्या जागा भरण्यासाठी अलीकडेच आईजवळ वही घेऊन बसलो. उशीच्या निळ्या अभ्र्यातून तिने आम्हा चौघांसाठी मुखपट्ट्या शिवल्या होत्या आणि नाडी अपुरी पडली म्हणून बाबांच्या बुटांची लेस वापरली होती. पहिल्या कोऱ्या जागेत आता तेवढे लिहिले आहे.