सुई बदलून द्यायची की पोरांचा कान धरायचा?

पंचगंगाकाठ: मेफेंटरमाइनच्या बाटल्या पकडल्या, ही बातमी आपल्याकडं आता जुनी झाली. ऑपरेशनवेळी पडलेलं ब्लडप्रेशर वर आणायचं औषध. जिममधली पोरं ते 'पंप' यावा, म्हणजे स्नायू फुगावेत, म्हणून शिरेत घेतात. मणिपूर, पंजाबात नॅकोचे (सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेचे) प्रकल्प वापरलेली सुई घेऊन नवी देतात. कोल्हापुरातही ते सुरू करा, असं माझं स्पष्ट मत. शिव्या येणार, माहीत आहे.

लाल_माती: आज सुई फुकट, उद्या बाटलीही सरकारनंच भरून द्यावी काय? माझ्या तालमीत असलं काही दिसलं तर त्याच दिवशी बाहेर.

लॅबवाली: बाहेर काढलेलं पोरगं दुसरीकडं जाऊन तेच करतंय, फक्त तुम्हाला दिसत नाही. सुईच्या पोकळीत रक्त राहतं. यकृत बिघडवणाऱ्या हिपॅटायटिस सी चा विषाणू प्रयोगात सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. आणि पोरं काय करतात? नळाखाली खळबळून पुढच्याला देतात! अमेरिकेत इंडियाना राज्यातलं ऑस्टिन, जेमतेम चार हजार वस्तीचं गाव. २०१५ मध्ये त्या भागात सुयांमधून दोनशेच्या आसपास लोकांना एचआयव्ही झाला. सुईबदलाला विरोध असलेल्या गव्हर्नर माइक पेन्स यांनाच शेवटी परवानगी द्यावी लागली.

औषध_दुकानवाला: काउंटरवरचं सांगतो. सिरिंज काही महाग नाही, पाच-दहा रुपयांची गोष्ट. खरा घोळ बाटलीत आहे. दहा मिलीची बाटली चौघांत फिरते. प्रत्येकाची सुई वेगळी असली तरी एकानं टोचलेली सुई परत बुचात खुपसली की आतलं सगळं औषध बाटलं. नुसत्या सुया वाटून हे कसं थांबणार?

पंचगंगाकाठ: म्हणूनच नुसत्या सुया नकोत. सुई द्यायला येणारा माणूस हेच समजावतो, तपासणीला घेऊन जातो. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं या कामाला संरक्षण दिलंय, सुया वाटणं हा गुन्हा ठरत नाही.

लाल_माती: कायदा असू दे की. तिकडं हेरॉइनवाल्यांना सुईबरोबर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, तलफ आवरायला. या औषधावर ती चालत नाही. आणि आमची पोरं स्वतःला नशेबाज समजतच नाहीत, 'बॉडी करतोय' म्हणतात. तुमच्या केंद्राची पायरी चढणार कोण?

लॅबवाली: हा मुद्दा मान्य. मग केंद्र कशाला, जिमच्या दारातच जावं लागेल. तोवर आपल्या सीपीआर सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. पाठवता?

लाल_माती: तपासणीला पाठवतो. सुईचा डबा मात्र तालमीच्या उंबऱ्याआत येणार नाही.

औषध_दुकानवाला: उंबऱ्याबाहेर ठेवला तर चालेल काय, वस्ताद?