शाळेचा डेस्कटॉप: पुढे हेडफोन लावला तरी ओळखत नाही

प्रेषक: वर्षा

सप्रेम नमस्कार मंडळी,

शनिवारच्या मराठी शाळेचा डेस्कटॉप बरेच जण वापरतात, म्हणून यादीवरच विचारते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची जुनी कॅबिनेट बदलून नवी बसवून घेतली. आतलं सगळं तेच आहे. तेव्हापासून पुढच्या बाजूला हेडफोन लावला तर काहीच घडत नाही, आवाज स्पीकरमधूनच येत राहतो. तोच हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये घातला तर विंडोज ११ लगेच ओळखतं आणि छान ऐकू येतं.

कॉम्प्युटर भिंतीला टेकलेला आहे, त्यामुळे दर वेळी मागे हात घालणं मुलांना जमत नाही. आणि हेडफोन हवाच. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च यांतला फरक इथे मिसिसागात वाढणाऱ्या मुलांना वर्गाच्या गलक्यात ऐकू येत नाही. एकेकाने शांतपणे ऐकून म्हणून बघितलं की पटकन येतं.

कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

वर्षा

प्रेषक: श्रीकांत

वर्षा,

मागे चालतो आणि पुढे नाही, हे तू सांगितलंस ते फार बरं झालं. साउंड चिप, ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आणि हेडफोन ठीक आहेत हे त्यातून कळलं. आता शोधायचं ते पुढच्या पॅनलपासून मदरबोर्डपर्यंतच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डपर्यंतच्या) वायरीत, नाहीतर एखाद्या सेटिंगमध्ये.

थोडं सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की पुढची तपासणी तुझी तुला करता येईल.

हेडफोन लावल्याचं कॉम्प्युटरला आवाजावरून कळत नाही. जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो. पिन आत गेली की तो दाबला जातो. प्रत्येक जॅकच्या स्विचला वेगळ्या किमतीचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा भाग) जोडलेला असतो: ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम. साउंड चिप एकाच वायरीवर या सगळ्यांचा एकत्रित रोध मोजते. प्रत्येक किंमत आधीच्या साधारण निम्मी ठेवल्यामुळे कोणतेही जॅक एकत्र लावले तरी येणारा आकडा वेगळा असतो, आणि त्यावरून चिप ओळखते की कुठे काय लावलंय. किती कमी वायरीत किती काम! मला ही रचना फार आवडते.

म्हणजे आवाजाच्या वायरी वेगळ्या आणि ओळखीच्या वेगळ्या. आवाजाच्या वायरी धडधाकट असल्या तरी ओळखीची वायर तुटली की तुला दिसतंय तेच होतं.

पुढच्या पॅनलची केबल मदरबोर्डवर नऊ पिनांच्या जागेवर बसते. दहाची जागा, पण आठवी पिन मुद्दाम गाळलेली. सातव्या पिनेवरून चिपचा सिग्नल पुढच्या जॅककडे जातो. माइकच्या स्विचमधून तो सहाव्या पिनेवर परततो, हेडफोनच्या स्विचमधून दहाव्या. त्यामुळे कॅबिनेट न उघडता एक चाचणी करता येते. पुढच्या गुलाबी जॅकमध्ये माइक लाव. माइक ओळखला गेला, तर सातवी पिन ठीक आहे आणि दोष हेडफोनच्या जॅकमध्ये किंवा दहाव्या वायरीत आहे. माइकही ओळखला नाही, तर दोष दोघांच्या सामायिक वाटेवर आहे: सातवी वायर, कनेक्टर किंवा सेटिंग.

सेटिंगही बघून घे. साउंड चिपबरोबर येणाऱ्या रिअलटेकच्या ऑडिओ कन्सोलमध्ये (जुन्या ड्रायव्हरमध्ये ऑडिओ मॅनेजर, वरच्या कोपऱ्यात फोल्डरचं चित्र) पुढच्या पॅनलची ओळख बंद करण्याचा एक पर्याय असतो. त्यावर टिक असेल तर काढ.

श्रीकांत

प्रेषक: वर्षा

काका,

खूप आभार. माइकही ओळखला जात नाही. तुम्ही म्हणता त्या पर्यायावर टिक नव्हती. मुद्दाम टिक करून पाहिली, तर पुढच्या हेडफोनमधून आवाज आला! पण मग तो काढल्यावर स्पीकर आपोआप सुरू होत नाहीत. दर वेळी आवाज कुठून यायचा ते हाताने निवडावं लागतं.

प्रेषक: ओंकार

श्रीकांतकाका, मध्येच शिरतोय. माझ्या घरच्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे आणि त्रास बरोब्बर उलटा. हेडफोन काढला तरी त्याला तो लावलेलाच वाटतो आणि मागचे स्पीकर गप्प राहतात. हे याच जातीचं दुखणं का?

वर्षाताई, कॅबिनेट उघडायची असेल तर मी येतो. गुरुवारी संध्याकाळी मोकळा आहे.

प्रेषक: श्रीकांत

वर्षा, तू टिक करून पाहिलंस त्याने निम्मं काम झालं. आवाज येतो, म्हणजे आवाजाच्या वायरी जाग्यावर आहेत. ओळख दोन्ही जॅकची नाही. आणि हे कॅबिनेट बदलल्यापासून आहे. मला दाट शंका आहे की केबलचा चुकीचा कनेक्टर बसवला गेलाय.

बऱ्याच कॅबिनेटच्या पुढच्या ऑडिओ केबलला शेवटी दोन कनेक्टर असतात. एकावर 'एसी ९७' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'एचडी ऑडिओ'. एसी ९७ ही इंटेलची १९९७ची पद्धत, तिच्या पुढच्या पॅनलच्या जोडणीत ओळखीच्या या वायरी नाहीत. एचडी ऑडिओ २००४मध्ये आलं, त्यात त्या आहेत. दोन्ही कनेक्टर त्याच जागी बसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. लावायचा फक्त एचडी ऑडिओचा, दुसरा मोकळा सोडायचा.

उघडण्याआधी कॉम्प्युटर बंद करून पॉवर केबल भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, उरलेली वीज निघून जाईल. आता हीटिंग सुरू झालंय, हवा कोरडी आहे, कार्पेटवरून चालत आलात की अंगावर स्टॅटिक असणारच. आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच आत.

ऑडिओची जागा बहुतेक बोर्डांवर खालच्या कडेला, मागच्या कोपऱ्याजवळ असते. शेजारी यूएसबीचीही तशीच दिसणारी जागा असू शकते, पण तिथे नववी पिन गाळलेली असते, आठवी नव्हे. कनेक्टर जात नसेल तर जोर लावू नका. यूएसबीच्या पिनांवर पाच व्होल्ट असतात.

ओंकार, तुझं दुखणं याच जातीचं. तुझ्याकडे बहुधा स्विच दाबलेल्या स्थितीत अडकलाय. धूळ, कपड्याचा धागा, नाहीतर स्विचची दमलेली धातूची पट्टी. कॉम्प्युटर बंद असताना पिन अनेकदा आत-बाहेर कर. तेवढ्याने सुटलं नाही तर पिनेला अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तेच कर आणि पूर्ण वाळू दे. आत टाचणी किंवा टूथपिक घालू नकोस, पट्टी वाकली की जॅकच बदलावा लागतो.

दोष नक्की कुठे आहे हे बघायचं असेल तर कॉम्प्युटर बंद करून पुढच्या पॅनलची केबल मदरबोर्डवरून काढ आणि पुन्हा सुरू कर. 'हेडफोन लावलाय' असं म्हणणं थांबलं, तर दोष पॅनलचा. तरीही तेच म्हणत असेल, तर बोर्ड किंवा ड्रायव्हर.

तोवर स्पीकर हवे असतील तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्राम) उघड, एफ ६ दाबून साउंड कार्ड निवड आणि ऑटो-म्यूट मोड, म्हणजे हेडफोन लावला की स्पीकर आपोआप गप्प करणारी सेटिंग, बंद कर. जॅक दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर एचडीए जॅक रीटास्क नावाचं साधन आहे. त्यात त्या जॅकला ओळखीची सोयच नाही असं सांगता येतं आणि ते कॉम्प्युटर सुरू होताना लागू होतं. पण हे शेवटी. आधी स्विच साफ कर. सॉफ्टवेअरने झाकलेला दोष पुढे दुसऱ्या कुणाला सापडत नाही.

श्रीकांत

प्रेषक: ओंकार

काका, तुमची शंका खरी निघाली. वर्षाताई आणि मी मिळून शाळेचा कॉम्प्युटर उघडला. एसी ९७चा कनेक्टर बोर्डवर, आणि एचडी ऑडिओचा केबलच्या गुंडाळीत तसाच लोंबकळत होता. बदलून लावला आणि सुरू केल्यावर माइक आणि हेडफोन दोन्ही ओळखले. हेडफोन काढला की स्पीकर आपोआप सुरू होतात. रिअलटेकमधली टिक परत काढून टाकली आहे.

माझ्या मशीनचं: अल्कोहोलने फरक पडला, पण पूर्ण नाही. पिन जरा तिरकी निघाली की पुन्हा अडकतं. केबल काढून पाहिली तेव्हा तक्रार थांबली, म्हणजे दोष पॅनलचाच. नवीन पॅनल मिळेपर्यंत ऑटो-म्यूट बंद ठेवलंय.

प्रेषक: वर्षा

काका, ओंकार, मनापासून आभार. येत्या शनिवारी मोठ्या गटाचा उच्चारांचा तास पुढच्या जॅकवर घेते.

पालकांना एक विनंती. मुलांबरोबर मोबाइलचा हेडसेट पाठवत असाल तर त्याची पिन बघा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर त्यात माइकही एकाच पिनेत आहे. आपल्या कॉम्प्युटरला माइक आणि हेडफोनचे जॅक वेगळे आहेत, त्यामुळे अशा हेडसेटवर ऐकू येईल पण मुलाचा आवाज रेकॉर्ड होणार नाही. दोन पिनांत विभागणारी छोटी केबल कुणाकडे पडून असेल तर शनिवारी घेऊन या, मी शाळेच्या खणात ठेवते.

वर्षा