मदत हवी आहे: शिबिरात पडद्यामागे राबणाऱ्यांना शिबिर कसं मिळेल?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीचं (चर्चचं) युवक शिबिर ५ दिवसांचं असतं. शिबिरार्थी १२०, आणि स्वयंपाक, भांडी, सामान, स्वच्छता बघायला आम्ही १४ जण. ३ वर्षं मी या गटात राबले. यंदा गटाची जबाबदारीच माझ्याकडे आली आहे, म्हणून विचारते.

मागच्या शिबिराच्या शेवटच्या रात्री आत साक्षी (आपापले विश्वासाचे अनुभव सांगणं) चालल्या होत्या आणि आम्ही पातेली घासत होतो. आमच्यातला १९ वर्षांचा एक मुलगा हात पुसता पुसता म्हणाला, "ताई, घरी काय सांगू? मी एकही वचन पूर्ण ऐकलं नाही." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. यंदा त्याने नाव दिलेलं नाही.

अशा वेळी आम्हाला बायबलमधली, लूक १० मधली मार्था ऐकवली जाते: ती पाहुणचाराच्या कामात गुंतली, बहीण मरीया प्रभूचं ऐकत बसली, आणि प्रभूने मरीयेची निवड चांगली म्हटली. पण योहान १२ मध्ये बेथानीच्या जेवणातही मार्था वाढतेच आहे, आणि तिथे प्रभू तिला काही म्हणत नाही. म्हणजे अडचण कामाची नसावी. कामात जीव एकटा पडतो, त्याची असावी.

आता नेमकी अडचण. रात्रीचं सत्र ७ ला सुरू होतं, जेवण ९ ला. सगळ्यांना सत्राला पाठवायचं तर स्वयंपाक ७ पूर्वी उरकावा लागेल, आणि शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये २ तासांहून जास्त राहू देणं धोक्याचं. सत्र हमखास लांबतं. शिवाय ज्यांना एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे त्यांचं भांडं, डाव सगळं वेगळं. तिथे माहीतगार माणूस लागतोच. तुम्ही पाळ्या कशा लावता?

प्रतिसाद १
ताई, जेवणाचीच वेळ बदला. आम्ही जेवण सत्राच्या आधी घेतो. अन्न चुलीवरून थेट ताटात जातं आणि प्रश्नच मिटतो. भांडी शिबिरार्थींच्या गटांनी आळीपाळीने घासायची. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तो सेवेचा धडा योहान १३ वाचून जितका कळतो, त्याहून जास्त मोरीवर कळतो. मात्र १८ वर्षांखालचं मूल स्वयंपाकघरात किंवा भांडारात एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहू देऊ नका. कायम दोन मोठी माणसं हवीत, कितीही घाई असो.

प्रतिसाद २
१४ जणांचे तीन गट करा. प्रत्येक सत्राला एक गट पूर्ण मोकळा. मोकळा म्हणजे एप्रन काढून, पुढच्या रांगेत. दाराशी उभं राहून अर्धवट ऐकायचं नाही. उरलेल्यांसाठी वक्त्यांना दुपारी २० मिनिटं स्वयंपाकघरात बोलवा. आमच्याकडे त्या २० मिनिटांत लोक जे मनापासून विचारतात, ते सभागृहात कुणी विचारत नाही.

आणि १ शमुवेल ३० गटाला वाचून दाखवा. दाविदाच्या माणसांपैकी थकलेले २०० जण बसोर ओढ्यापाशी सामानाजवळ राहिले, बाकीचे लढायला पुढे गेले. परत आल्यावर लढून आलेल्यांपैकी काही जण त्यांना वाटा द्यायला तयार नव्हते. दाविदाने ठरवून दिलं की लुटीत सामान राखणाऱ्याचा आणि लढणाऱ्याचा वाटा सारखाच. पण हे वाचायचं तर वाटा खरंच द्यायला हवा. नुसत्या टाळ्या म्हणजे वाटा नव्हे.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. शमुवेलमधला हा भाग मी वाचलेला होता, पण आमच्या मोरीशी कधी जोडला नव्हता. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

जेवण साडेपाचला घेता येईल का, ते उद्याच्या नियोजनाच्या बैठकीत मांडते. तीन गटांची यादी आत्ताच करायला घेतली आहे. एक अजून विचारायचं राहिलं: मुलं इतक्या लवकर जेवली तर सत्र संपल्यावर त्यांना पुन्हा भूक लागेल. तेव्हा देण्यासारखं, ज्याला कुणीच अडकून पडणार नाही असं, तुम्ही काय ठेवता?

त्या मुलाला आज रात्री फोन करणार आहे. नाव द्यायचा आग्रह करणार नाही. त्या रात्री त्याला उत्तर दिलं नव्हतं, ते आधी द्यायचं आहे.