मदत हवी आहे: डेस्क फोनवर आणीबाणीचा मजकूर निम्म्याच ठिकाणी पोचतो

वाल्व्हमन
३४० एसआयपी (नेटवर्कवरून चालणारे) फोन आहेत. धोक्याची सूचना स्क्रीनवर मजकूर म्हणून दाखवायची आहे. एसआयपी मेसेजने पाठवतो. मुख्य प्लांटला येते, टँकफार्मला (साठवण टाक्यांच्या आवारात) येत नाही. लॉगमध्ये सगळे 'सक्सेस'. परवा मॉक ड्रिल आहे. नंतर सचेतचा (सरकारी आपत्ती-इशारा यंत्रणा) कॅप फीडही (ठरलेल्या साच्यातले इशारे) जोडायचा आहे. लवकर सांगा.

कळफलक
सर्व्हर कुठला, आवृत्ती कुठली, युडीपी (पोच न घेता पाठवणं) की टीसीपी (पोच घेत पाठवणं), टँकफार्म त्याच नेटवर्कवर आहे की मध्ये काही आहे? यातलं एकही लिहिलेलं नाही.

गावकरी_२
एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, दोन मिनिटांचं काम.

वाल्व्हमन
अ‍ॅस्टरिस्क १८ (फोन सर्व्हर), पीजेएसआयपी (त्याचा एसआयपी भाग), युडीपी. टँकफार्म ६ किमीवर, मध्ये आयपीसेक व्हीपीएन (कूटबद्ध जोडणी). त्या भागात मोबाईल नेता येत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बाद. आणि हो, 'टेस्ट' असं इंग्रजीत पाठवलं की टँकफार्मलाही येतं.

कळफलक
ही शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहायची होती. खरा मजकूर मराठीत आहे ना? किती लांब?

वाल्व्हमन
मराठीतच. स्पेस धरून २६२. भाषेचा काय संबंध?

तारयंत्र
संबंध भाषेचा नाही, बाइटांचा. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्या 'क्षे'त चार चिन्हं असतात, म्हणजे १२ बाइट. तुमच्या २६२त ३८ स्पेस धरल्या तर २२४ × ३ + ३८ = ७१०. वर व्हाया, टू, फ्रॉम, कॉन्टॅक्ट ही हेडरं साधारण ७०० बाइट. एकूण १४१०. आरएफसी ३४२८ (एसआयपी मेसेजचं मानक) सांगतं की मीडिया सत्राबाहेरची मेसेज विनंती १३०० बाइटांवर जाऊ नये, आणि ही मर्यादा हेडरांसकट आहे. इंग्रजीत तेवढाच मजकूर ९६२ बाइटांत बसतो.
युडीपी-आयपीचे २८ धरले तर पॅकेट १४३८. मुख्य प्लांटच्या इथरनेटवर १५०० पर्यंत चालतं, व्हीपीएनमध्ये नाही. तुकडे होतात आणि फायरवॉल ते टाकून देते.

पोर्ट५०६०
तुकडे होतच नसतील. लिनक्स बहुतेक वेळा 'तुकडे करू नका' ही खूण लावूनच पाठवतं. मग व्हीपीएनचा राउटर 'पॅकेट मोठं आहे' असं आयसीएमपी (नेटवर्कची अडचण कळवणारा निरोप) परत पाठवतो, आणि कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी बंद केलेलं असतं. दोन्हीत लक्षण एकच, उपाय वेगळा. सर्व्हरवरून डीएफ (तीच 'तुकडे करू नका' खूण) लावून पिंग करा, पेलोड १३७२. गेलं तर १३७३. पहिलं जातं आणि दुसरं अडकतं, तर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४०० आहे.

तारयंत्र
मान्य. पण टीसीपीडम्प (पॅकेट बघायचं साधन) लावणार असाल तर फक्त 'पोर्ट ५०६०'चा फिल्टर लावू नका. पहिल्या तुकड्यानंतरच्या तुकड्यांत पोर्ट क्रमांक नसतो, ते दिसणारच नाहीत.

जुनाखांब
हे सगळं एच.३२३ (नेटवर्क कॉलचं जुनं मानक) वाल्यांनी आधीच सोडवलेलं होतं. एच.४६०.२१ म्हणजे संदेश प्रक्षेपण, २००६ सालचं. एका मल्टिकास्टमध्ये (एकदाच पाठवून) सगळ्यांना.

पोर्ट५०६०
आजोबा, ते पाळणारा डेस्क फोन आज बाजारात दाखवा, मग बोलू.

जुनाखांब
मानक चांगलं की बाजार मोठा, हे वेगळे प्रश्न आहेत. ३४० वेळा तोच मजकूर एकेकाला पाठवणं ही रचना तुम्हाला पटते?

वाल्व्हमन
भांडण नंतर. १३७२ गेलं, १३७३ अडकलं. टँकफार्मचे फोन टीसीपीवर नोंदवले. तरीही मराठी मजकूर येत नाही!

पोर्ट५०६०
कारण तेच. सर्व्हर टीसीपीतही १४६० चा सेगमेंट धरून बसला आहे. १४१० + ४० = १४५०, पुन्हा १४०० च्या वर. व्हीपीएनच्या दोन्ही टोकांना एमएसएस (टीसीपी सेगमेंटची कमाल लांबी) १३६० वर क्लॅम्प करा. मग फोन रीबूट करा, जुन्या कनेक्शनला नवी मर्यादा लागत नाही.
बाकीचे युडीपीवरच राहणार असतील तर एक लक्षात ठेवा: पीजेएसआयपीत मोठी विनंती आपोआप टीसीपीवर नेणारी सोय मुळात बंद असते. सिस्टीम विभागात डिसेबल_टीसीपी_स्विच=नो लिहा. नुसत्या रीलोडने ते लागू होत नाही, अ‍ॅस्टरिस्क रीस्टार्ट करावं लागतं.

कळफलक
आणि त्या 'सक्सेस'वर विसंबू नका. मेसेजसेंडचं (सर्व्हरच्या संदेश पाठवायच्या आज्ञेचं) सक्सेस म्हणजे 'खालच्या थराच्या हवाली केलं', फोनला मिळालं असं नव्हे. फोनचं २०० ओके आलं का ते एसएनग्रेपमध्ये (एसआयपी संदेश दाखवणारं साधन) बघा. २०० आलं तरी यंत्राला मिळालं एवढंच, माणसाने वाचलं याची खात्री नाही.
एकच एक्स्टेंशन डेस्क फोनवर आणि अ‍ॅपवर नोंदलेलं असेल तर मेसेजसेंड पहिल्या सापडलेल्या नोंदीलाच पाठवतं. दोन्हीकडे हवं तर वेगळे एक्स्टेंशन द्या.

शब्दवेडा
'एसएमएस' ला 'लघुसंदेश' आहे, मग 'इन्स्टंट मेसेज'ला 'तत्काळ संदेश' म्हणायला काय हरकत आहे?

गावकरी_२
एसएमएसवरून आठवलं, कंपनीतून पाठवायचा असेल तर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) हेडर आणि टेम्प्लेट नोंदवावं लागतं.

कळफलक
त्यांनी एसएमएस विचारलेला नाही हो.

वाल्व्हमन
एमएसएस लावलं. आलं!! आता कॅप. आरएफसी ८८७६ प्रमाणे आख्खं एक्सएमएल मेसेजमध्ये घालू का?

तारयंत्र
नको. ८८७६ ची दिशा उलटी आहे. सेन्सर किंवा यंत्राने आणीबाणी केंद्राला कळवायचं, त्यासाठी ते आहे. आणि एक्सएमएल एका अलर्टचं सहज दोन-तीन केबी होतं. कॅप सर्व्हरवर वाचा, 'हेडलाइन' आणि 'इन्स्ट्रक्शन' एवढंच काढा, १८० चिन्हांत कापा आणि ते पाठवा.
वाचताना:
'स्टेटस' आधी बघा. 'अ‍ॅक्च्युअल' असेल तरच खरा इशारा म्हणून पुढे जा, 'एक्सरसाइझ' आणि 'टेस्ट' वेगळ्या रंगात. परवाच्या ड्रिलला 'एक्सरसाइझ'च वापरा.
'कॅन्सल' आणि 'अपडेट' मध्ये मागच्या संदेशाचा 'रेफरन्सेस' असतो. तो न जुळवता नुसतं नवं दाखवत राहिलात तर रद्द झालेला अलर्ट स्क्रीनवर तसाच राहील.
बहुभुजात अक्षांश आधी, रेखांश नंतर, आणि शेवटचा बिंदू पहिल्याशी जुळलेला. जिओजेसनची (नकाशाच्या माहितीचा दुसरा साचा) सवय असलेला माणूस नेमकं उलटं करतो. पुण्याचा अलर्ट मग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो.
वेळेत +०५:३० हवं. यूटीसी असेल तर झेड चालत नाही, -००:०० लिहावं लागतं.

जुनाखांब
मजकुरासोबत भोंगाही लागेलच. मल्टिकास्ट आरटीपी पेजिंग (सगळ्या फोनांवर एकदम आवाजी घोषणा) लावा, २३९ ने सुरू होणारा पत्ता, जी.७११.

पोर्ट५०६०
लावा, पण स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कोणाला हवं ते स्विचने ओळखणं) चालू असेल तर त्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या त्या भागात) क्वेरिअर (ते अधूनमधून विचारणारा) हवाच. नसेल तर पहिली घोषणा ऐकू येते आणि चार-पाच मिनिटांनंतरची नाही. ड्रिलच्या आधी दहा मिनिटं थांबून दुसरी घोषणा करून बघा. शिवाय हा मल्टिकास्ट तुमच्या आयपीसेकमधून तसाच जाणार नाही, टँकफार्मला जीआरई (मल्टिकास्ट गुंडाळून नेणारा बोगदा) लागेल किंवा तिथे वेगळा पेजिंग गट.

वाल्व्हमन
क्वेरिअर कुठल्या मेनूत असतो?

कळफलक
स्विचचा मॉडेल क्रमांक?