मदत हवी आहे: आईच्या नाकात जंतू निघाले म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं

सुखदा_नाशिक
कृपया लवकर उत्तर द्या. आईचं ऑपरेशन गुरुवारी होतं. रजा टाकून झाली, भाऊ बंगळुरूहून आला, आणि आज फोन आला की नाकाच्या स्वॅबमध्ये स्टॅफ नावाचा जंतू आलाय, थांबा. आईला सर्दी नाही, ताप नाही. नेटवर वाचलं तर रक्तात पसरतो वगैरे. माझी मुलगी आजीजवळच झोपते, तिला वेगळं झोपवू का? घर फिनाइलने धुऊन काढू का?

रानमोगरा
कसलं ऑपरेशन? ते तर सांगा.

सुखदा_नाशिक
गुडघ्याचं. बदलायचाय.

सूक्ष्मदर्शी
रिपोर्टवरचं पूर्ण नाव लिहा. स्टॅफ एपिडर्मिडिस असेल तर तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असतोच. ऑरियस असेल तर पुढे एमआरएसए किंवा मेथिसिलीन रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा, असं लिहिलंय का? त्यावर बरंच अवलंबून आहे.

आबा_पाटील
ताई, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून रोज आंघोळीला द्या आणि जेवणात ताजं दही. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात, कुणाला कातडीचा त्रास नाही. चांगले जंतू वाढले की वाईट आपोआप हटतात.

सूक्ष्मदर्शी
आबा, दही खाऊ द्या, त्याला ना नाही. पण ते जातं पोटात, आणि हा जंतू बसलाय नाकपुडीच्या पुढच्या भागात. ऑपरेशनच्या तोंडावर घरगुती प्रयोग नकोत.

आबा_पाटील
आतड्याचा आणि सगळ्या शरीराचा संबंध असतो हे आता डॉक्टरसुद्धा मान्य करतात.

सूक्ष्मदर्शी
संबंध आहे. पण दह्याने नाकातला ऑरियस जातो म्हणून कुठला सर्जन गुडघा उघडणार नाही.

मिहीर_डोंबिवली
सरळ स्ट्राँग अँटिबायोटिकचा कोर्स मागून घ्या. माझ्या मेव्हण्याला पाच दिवसांत फरक पडला होता.

रानमोगरा
मेव्हण्याला काय झालं होतं?

मिहीर_डोंबिवली
पायाला गळू.

डॉ_वनिता
गळू म्हणजे संसर्ग, आणि इथे जंतू नुसता राहतोय. दोन्हीला एकच औषध कसं चालेल? उगाच पोटातून अँटिबायोटिक दिलं तर आतड्यातले राखणदार जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्याला मोकळं रान मिळतं. मग जुलाब, अशक्तपणा, ऑपरेशन आणखी लांब. वयस्कर माणसांना हे फार जड जातं.

मिहीर_डोंबिवली
मग सॅनिटायझर तरी वापरा, सगळं मरतं.

डॉ_वनिता
सगळं नाही. डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. स्टॅफवर मात्र अल्कोहोल चालतं.

कोकणकन्या
थोडं अवांतर, पण माझ्या सासूबाईंना लघवीची नळी घातली आहे आणि कल्चरमध्ये ई. कोलाय येतोय. ताप नाही. त्याचंही असंच समजायचं का?

डॉ_वनिता
ई. कोलाय मोठ्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. नळी काही दिवस राहिली की लघवीत जंतू दिसतातच. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं किंवा अचानक गोंधळल्यासारखं बोलणं नसेल तर बहुतेक वेळा औषध देत नाहीत. नळीची अजून गरज आहे का, हे मात्र डॉक्टरांना विचारा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू.

सुखदा_नाशिक
रिपोर्ट सापडला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मेथिसिलीन सेन्सिटिव्ह. आता सांगा, हा आजार आहे की नाही?

सूक्ष्मदर्शी
आजार नाही. साधारण १०० पैकी ३० माणसांच्या नाकात हा सापडतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. मी लॅबमध्ये वर्षानुवर्षं हेच बघितलंय, धडधाकट नर्सच्या स्वॅबमध्येसुद्धा.

अडचण जागा बदलल्यावर होते. गुडघ्यात धातू आणि प्लास्टिकचा सांधा बसतो. नाकातला जंतू बोटाने कातडीवर आणि तिथून जखमेत गेला, तर त्या सांध्यावर चिकट थर करून बसतो. थराच्या आत औषध नीट पोचत नाही, पांढऱ्या पेशींनाही तो आवरत नाही. कधी सांधा काढून पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून सर्जन आधीच काळजी घेतायत, आणि ते योग्य आहे.

नेदरलँड्समधला २०१० चा अभ्यास आहे. नाकात ऑरियस असलेल्यांना मुपिरोसिन या अँटिबायोटिकचं मलम आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची आंघोळ दिली, तर रुग्णालयात होणारे ऑरियसचे संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये हाडांच्या आणि हृदयाच्या ऑपरेशनआधी अशा लोकांना मुपिरोसिन द्यायला सांगितलं. एरवी २ टक्क्यांचं मलम दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून दोनदा, ५ दिवस. पण तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तसंच करा. ऑपरेशनच्या फार आधी करून ठेवू नका, जंतू काही आठवड्यांत परत येऊ शकतो.

नातीला वेगळं झोपवायची गरज नाही. आजीचा टॉवेल वेगळा ठेवा, मलम लावल्यावर हात धुवा. फिनाइलने काही साधणार नाही. क्लोरहेक्सिडीन डोळ्यांत, कानांत जाऊ देऊ नका. आणि गुडघ्यावर घरी वस्तरा अजिबात फिरवू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू आत जातात. केस काढायचेच असतील तर तिथले लोक क्लिपरने काढतील.

आबा_पाटील
वस्तऱ्याचं मला माहीत नव्हतं. तरी दही सोडू नका.

रानमोगरा
आईंना शुगर आहे का?

सुखदा_नाशिक
आहे. त्याचा इथे काय संबंध? मागच्या महिन्यातलं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.१ आहे.

डॉ_वनिता
सुखदा, हे आधी सांगायला हवं होतं. शुगर इतकी असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाची शक्यता वाढते. नाकातला जंतू ५ दिवसांत आटोक्यात येईल, शुगर नाही येणार. हा आकडा सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना माहीत आहे का?

सुखदा_नाशिक
भूलतज्ज्ञांना दाखवलेला नाही. उद्या सकाळीच फाइल घेऊन जाते. भावाचं तिकीट पुढचं काढायला सांगते.