नवे लोअर आर्म टाकले, बुश परत फाटले. टॉर्क किती लावायचा?

करूळघाट: मंडळी, गाडी जुनी हॅचबॅक. रोज शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव, सुट्टीला गगनबावडा. पावसाळ्याआधी पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीला जोडणारे खालचे दांडे) नवे टाकले, माल अस्सल. दिवाळीतच स्पीडब्रेकरवर कुरकुर सुरू. अलाइनमेंटवाल्यानं टॉर्च मारून दाखवलं, आर्मच्या मागच्या सांध्यातल्या बुशचं रबर फाटलंय. बसवणारा म्हणतो, रस्तेच तसले. आता टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला कट् वाजणारा) घेऊन स्वतःच बसवावं म्हणतोय. किती न्यूटन-मीटर?

रंकाळाकर: भावा, मनगटाला कळतं की! आजवर हातानंच आवळतोय, एक नट सुटला नाही. पाना कशाला, त्या पैशात टायर बघ.

जुना_फिटर_उद्यमनगर: आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधनंच घ्या, दुसऱ्या गाडीचा चालत नाही. एककही बघा, जुन्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर असतं, १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. पण मला शंका वेगळीच येते. बोल्ट आवळताना चाकं लोंबत होती का?

बुशमध्ये आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटात जाम. मग आर्म वरखाली होईल तेवढं रबर पिळतं. चाक लोंबत असताना आवळलं, तर रबर त्याच जागी निवांत बसतं. गाडी खाली आली की नुसत्या उभ्या गाडीतही ते पिळलेलंच. वर तुमचा घाट.

म्हणून गाडी उचलायच्या आधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या. बोल्ट नुसते टेकवून ठेवा. गाडी स्टँडवर घेऊन बॉल जॉइंटजवळ, म्हणजे चाकाकडच्या टोकाला, आर्मखाली जॅक लावा, तेच माप आलं की टॉर्क द्या. माप यायच्या आधीच गाडी स्टँड सोडायला लागली तर थांबा आणि सरळ गॅरेजच्या सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर न्या. तिथं गाडी चाकांवरच उभी असते, भानगड नाही.

रंकाळाकर, मनगटाला घर्षण कळतं, बोल्टातला ताण नाही. आपण लावतो त्या जोरातला साधारण १० टक्केच बोल्ट ताणायला जातो, बाकी सगळा आट्यात आणि डोक्याखाली घासण्यात. आट्याला ऑइल लागलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणतो. गंज असेल तर उलटं, पाना कट् करतो आणि जोड ढिलाच. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा. मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर ऑइल लावू नका.

करूळघाट: काका, बरोबर पकडलंत. दोन खांबी लिफ्टवर, चाकं हवेत, नट आवळायच्या गननं गच्च. टाय रॉड एंडपण (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) बदलायचाय, तिथं हेच का?

जुना_फिटर_उद्यमनगर: नाही, तिथं बॉल जॉइंट आहे, वाटीत मोकळा फिरणारा गोळा, रबर पिळायचा प्रश्न नाही, चाक लोंबलेलं चालतं. कॅसल नट (वर खाचा असलेला) असेल तर टॉर्क दिल्यावर पिनेचं भोक खाचेशी जुळलं नाही तर थोडं पुढं आवळून जुळवा, मागं सोडून कधीच नाही. स्प्लिट पिन नवी. नायलॉनवाला नट असेल तर तोही नवा. नंतर अलाइनमेंट करून घ्या, आणि तिथं पोरानं टाय रॉडचा लॉकनट आवळलाय का ते उभं राहून बघा. गडबडीत तोच राहतो.

रंकाळाकर: काका, तो पाना एक दिवस द्याल का?

जुना_फिटर_उद्यमनगर: देतो. पण त्यानं नट सोडवायचा नाही, कट् झाल्यावर परत ओढायचा नाही, आणि परत देताना आकडा खाली आणून द्यायचा.