क्रँक: वाकडा की फिरता?

टेकू
यंत्रशास्त्र शिकवताना ‘क्रँक’चा अर्थ सर्रास ‘फिरवायचा दांडा’ असा सांगतात. माझ्या मते हे उलटं आहे. शब्द मुळात वाकडेपणाचा, फिरणं त्याला मागाहून चिकटलं. जुन्या इंग्रजीत, इ. स. १००० च्या आसपास, ‘क्रांकस्टॅफ’ नावाचं विणकराचं एक अवजार सापडतं. त्यातल्या ‘क्रांक’चं मूळ वाकणे, मुडपणे या अर्थाचं. सुरकुतीला ‘क्रिंकल’ आणि अंग चोरण्याला ‘क्रिंज’ म्हणतात ते शब्दही याच कुळातले. जर्मनमधला ‘क्रांक’ तर आधी दुबळा होता, मग आजारी झाला.

पुरावा यंत्रातच आहे. बेलक्रँक घ्या. एल आकाराची तरफ, कोपऱ्यात खीळ, तिच्याभोवती ती हलते. मोठ्या घरांत नोकरांना बोलावण्याच्या घंटेची तार भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवायला ती वापरत, म्हणून हे नाव. ती पूर्ण फेरा कधीच घेत नाही, थोडी डुलते एवढंच. तरीही तिला क्रँकच म्हणतात. का? वाकडी आहे म्हणून.

फ्लायव्हील
मग सायकलचं काय? पेडल ज्याला बसतं तो आर्म १७० मिमीचा आणि जवळपास सरळसोट, त्याला क्रँक म्हणतात. वाफेच्या इंजिनांत तर नुसती गोल तबकडी असते आणि कडेजवळ एक पिन. वाकडं काहीही नाही, तरी नाव क्रँक डिस्क. तुमचा नियम इथे लागू पडत नाही.

कामावरून बघा. शाफ्टच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, केंद्रापासून पिनच्या केंद्रापर्यंतचं अंतर म्हणजे थ्रो. मधला धातू सरळ, वाकडा की गोल, याने गणितात फरक पडत नाही. थ्रो ४० मिमी असेल तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, ८० मिमी. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड १४० मिमीचा धरला, तर क्रँक वरच्या डेड सेंटरपासून (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) ९० अंश फिरल्यावर पिस्टन ४० मिमी नाही, ४५.८ मिमी खाली आलेला असतो. रॉड तिरका होतो, त्याचा हा परिणाम. पिस्टन निम्म्यावर आला म्हणजे क्रँक ९० अंशावर, असं समजून टायमिंगच्या खुणा करणारे इथेच फसतात. शब्दाचा अर्थ या गतीत आहे. विणकराच्या काठीने यात काही उलगडत नाही.

सळई
टेकू यांच्या बाजूने एक. बांधकामावर क्रँक म्हणजे फक्त वाक. स्लॅबची सळई आधाराजवळ ४५ अंशात वर उचलतात, तिला क्रँक बार म्हणतात. ती कशाला फिरेल? स्लॅब १२५ मिमी, कव्हर (सळईवरचं काँक्रीट) वर-खाली २०, सळई १० मिमीची: मध्यापासून मध्यापर्यंतची उंची ७५ मिमी. प्रत्येक क्रँकला या उंचीच्या ०.४२ पट, म्हणजे साधारण ३२ मिमी लांबी जास्त धरायची. तिरकी बाजू १.४१४ पट, आडवी १ पट, फरक ०.४१४, तोच ०.४२ करून वापरतात. ही वाढ विसरली की सळई आधारावर तोकडी पडते. दुसरी चूक जास्त दिसते: काँक्रीट ओतताना माणसं वरच्या भागावरून चालतात आणि क्रँक दबून खाली बसतो. मग आधारावर स्लॅबला वरून भेगा पडतात, कारण तिथला ताण घ्यायला वर सळईच उरलेली नसते.

फ्लायव्हील
हिशोब बरोबर, पुरावा कच्चा. तो शब्द ‘क्रँक्ड’ आहे, म्हणजे क्रँकसारखा मुडपलेला. यंत्राचा भाग आधी, त्याच्या आकारावरून विशेषण नंतर. सळईचं नाव यंत्राकडून उसनं आलेलं आहे.

वंगण
तुम्ही दोघं नामावर भांडताय. गॅरेजमध्ये हा शब्द क्रियापद आहे. ‘क्रँकिंग’ म्हणजे इंजिन स्वतःच्या जोरावर चालू होण्याआधी बाहेरून फिरवणं. हँडल गेलं तरी शब्द राहिला. इलेक्ट्रिक स्टार्टर चार्ल्स केटरिंगचा, कॅडिलॅकने १९१२ च्या गाड्यांत दिला. त्याआधी हँडल मारताना इग्निशन मागे घ्यायला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं करायला, विसरलं, तर ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडायची, इंजिन उलटं फिरायचं आणि हँडल मनगटावर यायचं. म्हणून अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ आवळायची नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.

आपल्याकडे याला ‘सेल्फ घेते’ म्हणतात, आणि निदान तिथूनच सुरू होतं. सेल्फ जड फिरतो: बॅटरीवर मीटर लावा, क्रँकिंगच्या वेळी १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित. व्होल्टेज टिकून आहे तरी जड, तर बॅटरीची टर्मिनल आणि अर्थिंगची तार तपासा. सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पेटत नाही: इंधन, ठिणगी, क्रँक सेन्सर (क्रँकची स्थिती सांगणारा) तपासा. आणि नेहमीपेक्षा हलकं, लय नसलेलं, सुसाट फिरत असेल तर थांबा. क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका.

टेकू
क्रियापद नामावरूनच आलं की हो. आणि विक्षिप्त माणसाला क्रँक म्हणतात, त्यात कुठली गती आहे?

फ्लायव्हील
आहे ना. हँडल फिरवून वाजवायच्या पेटीतून तेच ते सूर येतात, तसा एकच धोशा लावणारा माणूस तो क्रँक.

टेकू
ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण दुसरी व्युत्पत्ती जास्त पटण्यासारखी आहे. चिडखोर या अर्थाचा ‘क्रँकी’ आधी रुळला, आणि त्याचं शेपूट तोडून विक्षिप्त माणसाचा ‘क्रँक’ १८३३ च्या सुमारास दिसू लागला. म्हणजे पुन्हा वाकड्यात शिरणं, स्वभावाचं. शेजारच्या भाषाही बघा. जर्मनमध्ये यंत्रातल्या क्रँकला ‘कुर्बेल’ म्हणतात, त्याचं मूळ लॅटिन ‘कुर्वुस’, वाकडा. फ्रेंच ‘मानिव्हेल’ मात्र हातावरून आला, हे कबूल.

फ्लायव्हील
फ्रेंचांना आकार नाही, फिरवणारा हात दिसला. माझंही तेच म्हणणं.

वस्तू तर या शब्दापेक्षा कितीतरी जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसच्या तिसऱ्या शतकातल्या कोरीवकामात पाणचक्कीवरची दगड कापायची करवत आहे, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडसकट. आणि १७८० मध्ये जेम्स पिकार्डने वाफेच्या इंजिनासाठी क्रँकचं पेटंट घेतलं, ते काही वाकड्या लोखंडासाठी नव्हे. पुढे-मागे होणारी चाल फेऱ्यात बदलण्यासाठी. पेटंटला वळसा घालायला जेम्स वॅटने १७८१ मध्ये सन अँड प्लॅनेट गिअर काढला, एका गिअरभोवती दुसरा फिरणारा. त्यात क्रँकचा आकार कुठेच नाही, काम मात्र तेच; उलट दोन्ही गिअर सारखे असले तर पिस्टनच्या एका ये-जा मध्ये शाफ्ट दोनदा फिरतो.

टेकू
आणि त्याला क्रँक म्हणाले नाहीत! काम तेच असून नाव वेगळं दिलं. माझाच मुद्दा मांडलात की.

सळई
व्युत्पत्ती काहीही निघो, ड्रॉइंगवर नुसतं ‘क्रँक ४०’ लिहू नका. वाकवायच्या भागाला ऑफसेट (किती सरकवायचं ते अंतर) आणि कोन दोन्ही द्या. फिरत्या भागाला थ्रो लिहा, आणि तो केंद्रापासून केंद्रापर्यंत आहे हे बाणाने दाखवा. स्ट्रोकचे ८० थ्रोच्या जागी गेले, तर पिस्टनची चाल १६० मिमी होते आणि पहिल्याच फेऱ्यात तो हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, आपटतो.